दहा सेकंदांत गेलेला सामना: मिनेसोटा विरुद्ध क्विनिपिअ‍ॅक

उत्तरवारा | ९ एप्रिल २०२३, सकाळी ७:४०

मिनेसोटा २, क्विनिपिअ‍ॅक ३. अमेरिकन कॉलेज आइस हॉकीचा अंतिम सामना, ओव्हरटाइम (बरोबरीनंतरचा जादा वेळ, पहिला गोल झाला की सामना संपतो) सुरू होऊन दहा सेकंद झाले होते. दहाच.

काल रात्रीपासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून लिहायला बसलो. इथे कॉलेज आइस हॉकी बघणारे किती जण आहेत कल्पना नाही. मी २००५ साली युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटात एमएस करायला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात रूममेटने विद्यापीठाच्या हॉकी स्टेडियममध्ये, मारियुची अरीनात नेलं. तेव्हापासून गोल्डन गोफर्स, म्हणजे विद्यापीठाचा संघ, हा आमच्या घरचा संघ आहे. मुलगा आता दहा वर्षांचा आहे, स्वतः स्क्वर्ट या मुलांच्या वयोगटात खेळतो.

थोडी पार्श्वभूमी देतो. देशभरातल्या पहिल्या श्रेणीच्या साठेक कॉलेज संघांतून १६ संघ राष्ट्रीय स्पर्धेला निवडले जातात. त्यातून उरलेल्या चौघांची जी शेवटची फेरी होते ती फ्रोझन फोर. यंदा ती फ्लोरिडात, टँपाच्या अमाली अरीनात होती. आम्ही क्रमवारीत पहिले होतो. फार्गोत कॅनिसियसला ९-२, सेंट क्लाउडला ४-१, मग टँपात उपांत्य फेरीत बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ हरवलं. मिनेसोटाने शेवटचं विजेतेपद २००३ साली मिळवलं. वीस वर्षं झाली. यंदा ब्रॉक फेबर कप्तान, मॅथ्यू नाईज, लोगन कूली, जिमी स्नगरूड असा संघ. नाईज आणि कूली दोघंही होबी बेकर पुरस्काराच्या (मोसमातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू) शेवटच्या तिघांत होते. असा संघ पुन्हा कधी जमेल, सांगता येत नाही.

काल अंतिम सामन्यात जॉन मिटलस्टॅटने पहिला गोल केला, दुसऱ्या पिरियडमध्ये जॅक्सन नेल्सनने दुसरा. २-० झाल्यावर मुलगा सोफ्यावर उभा राहून नाचत होता. मग त्याच पिरियडमध्ये क्रिस्तोफ टेलियेने एक फेडला. २-१.

आणि तिथून आम्ही मागे सरकत गेलो. तिसरा पिरियड म्हणजे वीस मिनिटं नुसती त्यांची चढाई आणि आमची परतफेक. पक (खेळायची रबरी चकती) मिळाला की कडेच्या काचेवर आपटून बाहेर भिरकावायचा, दम खायचा, पुन्हा तेच. त्यांच्या गोलीकडे आमचे फटके बोटांवर मोजावेत इतकेच गेले. अखेर २ मिनिटं ४७ सेकंद उरली असताना, गोली बाहेर काढून सहा जणांनी चढवलेल्या हल्ल्यात कॉलिन ग्राफने बरोबरी साधली.

मग ते दहा सेकंद. क्विनिपिअ‍ॅकने फेस-ऑफ (खेळ सुरू करताना दोघांमधली पकसाठीची झटापट) जिंकला, पक मागे झॅक मेट्साकडे. त्याने तो लांब पुढे सॅम लिपकिनला दिला, लिपकिनने नुसता सरकवला, आणि जेकब क्विलन पूर्ण वेगात एकटाच आत. आमच्या गोलीला, जस्टन क्लोजला, हुलकावणी दिली आणि पक जाळ्यात.

मुलाने मधल्या सुट्टीत काठीची जुनी टेप गुंडाळून चेंडू केला होता. गोल झाला तेव्हा तो त्याच्या हातातून सुटून टीव्हीच्या टेबलाखाली गेला. अजून तिथेच आहे, कोणी काढलेला नाही.

---

चाफेकळी | ९ एप्रिल, ८:२५

वाचूनच पोटात कालवलं. मला यातलं काही कळत नाही, आमच्याकडे हॉकी म्हटली की गवतावरची. पण दहा सेकंद म्हणजे माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत. नुसतं नशीब नाही का हे? आणि गोली बाहेर काढला म्हणजे काय? गोल राखायला कोणीच नाही?

---

उत्तरवारा | ९ एप्रिल, ९:१०

हो, कोणीच नाही. बर्फावर एका वेळी सहा जण असतात, पाच स्केटर आणि एक गोली. मागे असलेला संघ शेवटच्या दोन-तीन मिनिटांत गोलीला बाकावर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा स्केटर पाठवतो. आपलं जाळं उघडं पडतं, पण समोर सहा विरुद्ध पाच होतात. त्या वेळी आमच्या एकाला जरी मोकळ्या जाळ्याच्या दिशेनं पक नीट ढकलता आला असता, तर ३-१ होऊन सगळं संपलं असतं.

नशिबाबद्दल मात्र पटत नाही. काल माझे बाबा सोबत होते, पुण्याहून आलेत. बाबा तरुणपणी खडकीच्या मैदानांवर हॉकी खेळलेले, धनराज पिल्लेच्या आधीच्या पिढीतले. बर्फावरची हॉकी ते गेल्या चार महिन्यांतच बघायला शिकले. गोल झाला तेव्हा मी डोकं धरून बसलो होतो, मुलगा रडत होता, आणि बाबा म्हणाले, "जरा मागे ने. बुली परत दाखव."

त्यांच्या काळी हॉकीचा सामना बुलीनं सुरू व्हायचा. दोघं समोरासमोर, काठ्या जमिनीवर आणि एकमेकींवर तीन वेळा आपटायच्या, मग चेंडूवर तुटून पडायचं. फेस-ऑफला ते सुरुवातीपासून बुलीच म्हणतात. मी रेकॉर्डिंग मागे नेलं. त्यांनी पक, गोली, जाळं यातलं काहीच बघितलं नाही. ते बघत होते क्विलन कुठून निघाला ते. "हा बघ, पक मागे गेला तेव्हाच हा पळायला लागला. पास येणार हे त्याला माहीत होतं. हे ठरवलेलं आहे."

आणि ते खरंच ठरवलेलं होतं. बसवलेली चाल होती ती. ओव्हरटाइमच्या पहिल्या फेस-ऑफला ती खेळायची हे त्यांनी सुट्टीतच पक्कं केलेलं असणार. आमचे पाच जण सामना सुरू होण्याची वाट बघत होते, त्यांचे पाच जण संपवायला निघाले होते.

---

बॉस्टनकर | ९ एप्रिल, १०:०२

गुरुवारी तुमच्याकडून ६-२ हरलेल्या बॉस्टन युनिव्हर्सिटीचा मी माजी विद्यार्थी. तरी काल तुमच्याच बाजूने होतो, विश्वास ठेवा.

एक सांगतो, यातून गेलोय म्हणून. २०१५ च्या अंतिम सामन्यात आम्ही प्रॉव्हिडन्सविरुद्ध ३-२ पुढे होतो. नऊ मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला. लांबून नुसताच फेकलेला पक आमच्या गोलीने, मॅट ओ'कॉनरने, हातमोज्यात झेलला, खाली टाकायला गेला आणि तो त्याच्याच पायांमधून जाळ्यात गेला. मग ब्रँडन टानेव्हने चौथा केला. ४-३. आणि हे सगळं बॉस्टनमध्येच, टीडी गार्डनमध्ये. घराच्या दारात. बाहेर पडल्यावर सगळे ओळखीचेच रस्ते, ओळखीचेच चेहरे, सगळ्यांच्या अंगावर लाल जर्सी, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

पण २००९ साली वॉशिंग्टनमध्ये आम्हीच दुसऱ्या बाजूला होतो. मायामी ऑफ ओहायोविरुद्ध ३-१ मागे, शेवटचं मिनिट सुरू. त्या एका मिनिटात दोन गोल केले, दुसरा १७ सेकंद उरले असताना, आणि मग ओव्हरटाइममध्ये जिंकलो. त्या रात्री मी इतका ओरडलो की दोन दिवस आवाज बसला होता. मायामीने आजवर एकदाही विजेतेपद मिळवलेलं नाही. त्यांचा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो सहा वर्षांनी, २०१५ च्या त्या रात्री.

---

जुना_वाचक | ९ एप्रिल, ११:३०

तांत्रिक मुद्दा आहे, राग मानू नका. टँपा हे तटस्थ मैदान. तुम्ही "बाहेर हरलो" असं म्हणत नाही आहात, पण दु:खाचा सूर तसाच लागतोय. तटस्थ ठिकाणी दोघंही पाहुणे.

---

उत्तरवारा | ९ एप्रिल, १२:१५

राग कसला. मुद्दा बरोबर आहे, कागदावर.

पण मिनियापोलिसहून टँपा दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. बाहेर ताडाची झाडं आणि लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. आमचा २००२ चा कप मिनियापोलिसला लागून असलेल्या सेंट पॉलमध्ये आला होता, मेनविरुद्ध ४-३, तोही ओव्हरटाइममध्येच. त्या रात्री गोलच्या मागे कोण उभं होतं आणि काल कोण होतं यात फरक आहेच. आणि टँपाच्या याच इमारतीत २०१२ साली उपांत्य फेरीत बॉस्टन कॉलेजने आम्हाला ६-१ धुतलं होतं. ते बर्फ आम्हाला लाभत नाही असं वाटून गेलं, खरं-खोटं देव जाणे.

खऱ्याखुऱ्या परक्या बर्फावरची हार हवी असेल तर तीही सांगतो. मार्च २००६. माझा पहिलाच मोसम. आम्ही आमच्या गटात पहिले मानांकित, समोर मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टरचं होली क्रॉस, ज्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. ठिकाण ग्रँड फोर्क्स, म्हणजे आमचा जुना वैरी नॉर्थ डकोटाचं घर. मिनियापोलिसहून पाचशे किलोमीटर. आम्ही चौघं एका गाडीतून गेलो, त्यातले दोघं भारतीय, दोघं उत्तर मिनेसोटातले शेतकऱ्यांची मुलं.

तिथे समजलं की अख्खं स्टेडियम होली क्रॉसच्या बाजूने आहे. हिरव्या जर्सीतल्या नॉर्थ डकोटाच्या हजारो लोकांना वुस्टर नकाशावर दाखवता आलं नसतं, पण आम्ही हरावं एवढं त्यांना पुरेसं होतं. ३-३. ओव्हरटाइम. ५३ सेकंदांत टायलर मॅकग्रेगरने गोल केला. ४-३. छप्पर उडेल असा आवाज झाला आणि तो आमच्यासाठी नव्हता.

परतताना गाडीत तासभर कोणी बोललं नाही. रस्ता सरळ, दोन्हीकडे अर्धवट वितळलेला बर्फ. एका पेट्रोल पंपावर थांबलो. आमच्यातला एक जण, सहा फूट दोन इंच, चार कप कॉफी घेऊन आला आणि मला म्हणाला, "आता तू खरा गोफर झालास." त्या वेळी मला त्याचा अर्थ नीट कळला नाही.

---

कनेटिकटची_आई | ९ एप्रिल, दुपारी २:२०

लिहू की नको असं दोनदा झालं. माझी मुलगी क्विनिपिअ‍ॅकमध्ये नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल हॅम्डेनमध्ये पहाटेपर्यंत मुलं रस्त्यावर होती. तिने फोनवर आधी दोन मिनिटं नुसती किंकाळी ऐकवली.

उत्तरवारा, तुमचं दु:ख कळतं. पण आमच्याकडचंही थोडं ऐका. तिथले प्रशिक्षक रँड पेक्नोल्ड १९९४ मध्ये आले तेव्हा हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. ते दिवसा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संघ बघायचे. तेव्हापासून तेच आहेत, जवळजवळ तीस वर्षं. २०१३ ला पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचले. समोर येल, म्हणजे शेजारच्याच न्यू हेवनचं, ज्यांना त्याच मोसमात तीनदा हरवलेलं. ४-० ने हरले. २०१६ ला पुन्हा अंतिम फेरी, नॉर्थ डकोटाकडून ५-१. आणि ती कुठे झाली होती माहीत आहे? टँपालाच. तुमच्या त्याच इमारतीत.

मग काल त्यांनी ती चाल बसवून ठेवलेली असेल, तर त्यामागे एवढी सगळी वर्षं आहेत.

---

उत्तरवारा | ९ एप्रिल, ३:०५

ताई, बरं झालं लिहिलंत. २०१६ ची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. मुलीला अभिनंदन सांगा, मनापासून.

आणि खरं सांगायचं तर हेच मला सकाळपासून म्हणायचं आहे. सगळे जण दहा सेकंदांबद्दल बोलताहेत. माझे ऑफिसमधले मित्र, बातम्या, सगळे. "दहा सेकंदांत स्वप्न मोडलं" वगैरे. पण आम्ही दहा सेकंदांत हरलो नाही. पूर्ण सामन्यात त्यांचे फटके ३० आणि आमचे १५. ज्या संघाने उपांत्य सामन्यात सहा गोल केले त्याने अंतिम सामन्यात गोलवर पंधरा फटके मारले. त्यांच्या गोलीला, यानिव पेरेट्सला, मोठे बचाव करावेच लागले नाहीत फारसे, कारण आम्ही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतो. मधल्या पट्ट्यात त्यांचे लोक असे उभे होते की कूलीसारखा मुलगा, ज्याला जागा मिळाली तर दोघांना सहज चकवतो, तो प्रत्येक वेळी भिंतीकडे ढकलला जात होता.

२-१ ची आघाडी जपायला गेलो की खेळ आपला राहत नाही. ती जपणूक चुकली. दहा सेकंद हा नुसता हिशेब होता.

---

कोयनाकाठ | ९ एप्रिल, सायं. ५:४०

मी क्रिकेटवाला. पण हे वाचून रणजीचे सामने आठवले, तिथेही पहिल्या डावाची आघाडी घेऊन बसून राहिलं की असंच होतं. अनुमोदन.

एक प्रश्न. हे खेळाडू विद्यार्थी आहेत ना? पुढच्या वर्षी पुन्हा हाच संघ येईल की.

---

उत्तरवारा | ९ एप्रिल, ६:२०

तिथेच तर गोम आहे. येणार नाही.

कॉलेजात जास्तीत जास्त चार मोसम, करोनामुळे काहींना पाचवा. त्यात जे उत्तम, ते आधीच एनएचएल (व्यावसायिक लीग) संघांनी निवडून ठेवलेले असतात आणि मोसम संपला की करार करून निघून जातात. फेबर मेपल ग्रोव्हचा, आमच्या घरापासून वीस मिनिटांवरचा. त्याने मागच्या वर्षीच जायचं ठरवलं असतं तर कोणी अडवलं नसतं, पण हा कप जिंकायला तो थांबला होता. शेवटचा भोंगा वाजत नाही ओव्हरटाइममध्ये, गोल झाला की संपतं. तो निळ्या रेषेजवळ गुडघ्यावर टेकला. पिवळ्या हेल्मेटातली ती मुलं उत्सव करताहेत आणि आमची मुलं जिथं होती तिथंच थिजलेली.

चाहत्याला पुढचा मोसम असतो. त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना या जर्सीतला पुढचा सामनाच नसतो. मला रडू आलं ते तेव्हा. बाबांनी पाठीवर हात ठेवला, बोलले काही नाही.

---

चाफेकळी | ९ एप्रिल, रात्री ९:१५

टेबलाखालचा चेंडू काढला का?

---

उत्तरवारा | १० एप्रिल, ६:५०

मुलाने काढला. आज सकाळी गॅरेजमध्ये बाबा आणि तो दोघं बुली खेळत होते, काठी, जमीन, काठी, जमीन, काठी, जमीन, आणि मग झटापट. बाबा बहात्तर वर्षांचे. त्यांनी चारदा जिंकली, त्याने दोनदा.

(फेबर आणि नाईज दोघांच्याही कराराच्या बातम्या आल्या. फेबर इथेच राहील, मिनेसोटा वाइल्डकडून खेळेल. नाईज टोरांटोला.)

---

बॉस्टनकर | २९ मार्च २०२५, सकाळी ८:१०

धागा वर काढतोय. उत्तरवारा, आहात का? परवा फार्गोत काय झालं ते बघितलं. यूमास (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) ५, मिनेसोटा ४. ओव्हरटाइम. पुन्हा. विचारावंसं वाटलं.

---

उत्तरवारा | २९ मार्च २०२५, १०:४५

आहे. आठवण ठेवलीत, बरं वाटलं.

मधली दोन वर्षं थोडक्यात. २०२४ ला सू फॉल्समध्ये तुमच्याच बॉस्टन युनिव्हर्सिटीने आम्हाला ६-३ ने घरी पाठवलं. त्या वर्षी फ्रोझन फोर आमच्या सेंट पॉलमध्ये होती. डेन्व्हर आणि बॉस्टन कॉलेज आमच्या गावात येऊन अंतिम सामना खेळले आणि आमचा संघ त्यात नव्हता. एकही तिकीट काढलं नाही मी. त्या आठवड्यात त्या रस्त्यानं जायचंही टाळलं.

यंदा फार्गोला मी आणि मुलगा गाडीने गेलो. तो आता बारा वर्षांचा, पुढच्या पी-वी वयोगटात, सेंटर खेळतो. जाताना पावणेचार तास नुसती बडबड. मी त्याला २००६ ची गोष्ट सांगितली, कारण रस्ता बराचसा तोच. समोर पुन्हा मॅसॅच्युसेट्सचा संघ, पुन्हा मानांकनात त्यांच्या वर आम्ही. सांगायला नको होती असं नंतर वाटलं.

सामन्याचं वर्णन करवत नाही अजून. ४-४ झालं, मग ते झालं. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हातातला मरून रंगाचा स्कार्फ घडी करून पर्समध्ये ठेवला, अगदी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. बाकीचे सगळे उभे होते, त्या मात्र बसून घडी घालत होत्या.

---

कनेटिकटची_आई | २९ मार्च २०२५, ११:३०

अरेरे. मुलगा कसा आहे?

---

उत्तरवारा | २९ मार्च २०२५, १२:२०

परत येताना फर्गस फॉल्सपर्यंत गप्प होता. तिथे पंपावर थांबलो. मी स्वतःसाठी कॉफी घेतली, त्याच्यासाठी हॉट चॉकलेट. गाडीत बसल्यावर त्याला तेच वाक्य सांगावं असं मनात आलं, २००६ चं. तो कप दोन्ही हातांत धरून समोर बघत होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी आधीपासूनच आहे."

घरी पोहोचायला दीड वाजला. पुण्यात दुपार होती. आजोबांचा फोन वाजतच होता, त्यांनी नेटवर निकाल बघितला होता. त्यांनी आम्ही कसे आहोत, जेवलो का, काही विचारलं नाही. थेट म्हणाले, "ओव्हरटाइमची बुली कोणी जिंकली?"

मला आठवेना. मुलालाही आठवेना. मग त्याने अंगातला कोट न काढताच टीव्ही लावला, रेकॉर्डिंग शोधलं आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. "थांबा आजोबा," म्हणाला, "मागे नेतोय."